लाइन येते, दिवा लागतो, तरी बॅटरी उतरते: पीएमआयसी ड्रायव्हरमधला अडकलेला इंटरप्ट

वरूड-मोर्शी पट्ट्यातल्या संत्रा बागांत आम्ही लावलेले १९ बॉक्स आहेत. विहिरीशेजारच्या मोटरघरात, स्टार्टरच्या बाजूला भिंतीवर ठोकलेले. जमिनीतला ओलावा, ठिबकचा दाब आणि तापमान मोजून ते दर १५ मिनिटांनी आकडे पाठवतात. आत एक लहान लिनक्स बोर्ड, एका सेलची लिथियम बॅटरी, फोरजी मोडेम आणि ५ व्होल्टचा अडॅप्टर. वीज सांभाळायला बोर्डावर एक पीएमआयसी, म्हणजे पॉवर मॅनेजमेंटची चिप. अडॅप्टरमधून किती करंट घ्यायचा, बॅटरी कधी भरायची, प्रोसेसरला किती व्होल्ट द्यायचे, हे सगळं तिच्याकडे.

दुखणं असं होतं. बॉक्स आठ-दहा दिवस सुरळीत चालायचा आणि मग मध्यरात्री गप्प व्हायचा. जाऊन बघावं तर अडॅप्टरचा दिवा लागलेला, बॅटरी मात्र पार उतरलेली. बॅटरी काढून परत लावली की पुन्हा आठ-दहा दिवस ठीक. सगळ्यात वाईट म्हणजे हे आंबिया बहाराच्या ताणात, म्हणजे फुलं यावीत म्हणून बागेचं पाणी तोडतात त्या काळात, व्हायचं. बाग ताणावर असताना ओलावा किती उतरला यावरच पाणी कधी सोडायचं ते ठरतं, आणि नेमक्या त्या चार रात्रींचे आकडे नसायचे. आधी आम्ही बॅटऱ्या बदलल्या, मग अडॅप्टर बदलले, दोन ठिकाणी वायरिंगही नव्यानं केलं. काही फरक पडला नाही.

तुमच्याकडेही अडॅप्टर लागलेला असताना बॅटरी उतरत असेल आणि रीबूट केल्यावर तात्पुरतं बरं वाटत असेल, तर बॅटरीवर खर्च करण्याआधी चिपचा ड्रायव्हर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला (कर्नलमधला) चिपशी बोलणारा कोड, उघडा. आमचा दोष तिथे होता. तो सापडायला तीन महिने लागले, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

पहिला धागा ज्यांच्या बागेत बॉक्स सगळ्यात जास्त बंद पडायचा त्या काकांनी दिला. मी त्यांना विचारलं, लाइन येते तेव्हा नेमकं काय होतं? ते म्हणाले, "लाइन आली का पयले दोन-चार खेपा डोये मिचकावते, मंग टिकते. सगळ्याइच्या मोटरा एकाच टायमाले उचलते ना भाऊ." शेतीच्या फीडरवर थ्री फेज पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. प्रत्येकाच्या स्टार्टरला ऑटो लावलेला. लाइन आली की एका डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरा एकदम सुरू होतात, व्होल्टेज बसतं, काही ऑटो ट्रिप होतात, व्होल्टेज पुन्हा चढतं. त्या काही सेकंदांत आमच्या ५ व्होल्टच्या अडॅप्टरचं व्होल्टेज चार-पाच वेळा वर-खाली होतं. चिपच्या भाषेत सांगायचं तर अडॅप्टर लागला, निघाला, लागला, निघाला, लागला. प्रयोगशाळेच्या टेबलावर कुणी अडॅप्टर असा लावत-काढत नाही. म्हणून तिथे हा दोष कधी दिसलाच नव्हता.

आता चिपचं काम थोडं समजून घ्या. आमच्या चिपमध्ये अडॅप्टर निघाला की आत येणाऱ्या करंटची मर्यादा हार्डवेअर स्वतःच १०० मिलिअँपिअरवर आणतं. अडॅप्टर पुन्हा लागला की ड्रायव्हरनं ती १५०० वर न्यायची. बॉक्स सरासरी ३०० मिलिअँपिअर खातो. म्हणजे ‘अडॅप्टर लागला’ हा निरोप ड्रायव्हरपर्यंत पोचला नाही, तर आत येणार १०० आणि उरलेले बॅटरीतून जाणार. दिवा लागलेला दिसतो, सिस्टिमही अडॅप्टर आहे म्हणते, आणि बॅटरी गुपचूप उतरत राहते.

निरोप येतो तो इंटरप्टच्या, म्हणजे ‘काम थांबवून इकडे बघ’ असं प्रोसेसरला सांगणाऱ्या तारेवरून. चिप ही तार एरवी मोकळी सोडते, पुल-अप रेझिस्टर ती वर धरून ठेवतो. एखादी घटना घडली की चिप स्टेटस रजिस्टरमधला (घटनांच्या नोंदीच्या कप्प्यातला) त्या घटनेचा बिट १ करते आणि तार खाली ओढते. ड्रायव्हरनं तो बिट पुसला की तार सुटते. इथली अट नीट वाचा: चालू ठेवलेल्या घटनांचे सगळे बिट पुसले गेले तरच तार वर जाते. एकही बिट उरला तर ती खालीच राहते.

मी लॅपटॉप आणि सिरियल केबल घेऊन मोटरघरात बसलो, बॉक्स बिघडलेल्या अवस्थेत असतानाच. रीबूट अजिबात करू नका, केलं की पुरावा पुसला जातो. पहिल्यांदा प्रॉकमधली (कर्नल आपली माहिती दाखवतो त्या फोल्डरमधली) इंटरप्ट्सची फाइल पाहिली, कुठला इंटरप्ट किती वेळा आला ते तिच्यात दिसतं. पीएमआयसीच्या ओळीसमोर आकडा होता ४१. अडॅप्टर काढला, लावला, पुन्हा पाहिलं: ४१. दहा वेळा केलं, ४१ च. मग डीबगएफएस या तशाच दुसऱ्या फोल्डरमधली जीपीआयओची, म्हणजे प्रोसेसरच्या पिनांची, यादी उघडली. त्यात प्रत्येक पिनसमोर ती वर आहे की खाली ते दिसतं, आमची तार खाली होती. शेवटी आयटूसीवरून (प्रोसेसर आणि चिप यांना जोडणाऱ्या तारांवरून) आयटूसी-गेट या आज्ञेनं चिपचं स्टेटस रजिस्टर थेट वाचलं. ‘अडॅप्टर निघाला’ हा बिट १ होता, कुणी न पुसलेला. (ड्रायव्हर जोडलेला असताना ही आज्ञा जबरदस्तीचा पर्याय दिल्याशिवाय चालत नाही. आणि तो पर्याय देण्याआधी डेटाशीट बघा. काही चिपांत स्टेटस नुसतं वाचलं तरी पुसलं जातं, मग तुम्हीच पुरावा नष्ट कराल. आमच्या चिपमध्ये १ लिहून पुसावं लागतं, म्हणून वाचणं सुरक्षित होतं.)

तार खाली, बिट उभा, आणि इंटरप्टचा आकडा हलत नाही. एवढ्यावरून निदान जवळजवळ पक्कं होतं: इंटरप्ट एज ट्रिगरवर, म्हणजे तार वरून खाली पडण्याच्या क्षणावर, लावला होता.

एज म्हणजे दारावरची थाप आणि लेव्हल म्हणजे दारात उभा माणूस. थाप पडली तेव्हा तुम्ही मागच्या अंगणात होतात, तर ती हुकली. पाहुणा पुन्हा थाप न देता उभाच राहिला, तर त्याला कुणी आत घेणार नाही. लेव्हलमध्ये तुम्ही दाराकडे कधीही बघा, माणूस उभा असेल तर दिसतोच. आमचा हँडलर (इंटरप्ट आला की धावणारं ड्रायव्हरमधलं फंक्शन) आधी स्टेटस वाचायचा, मग करंटची मर्यादा बदलायचा, मग पॉवर सप्लायला (बॅटरी-अडॅप्टरची माहिती ठेवणाऱ्या कर्नलच्या भागाला) बदल कळवायचा आणि सगळ्यात शेवटी वाचलेले बिट पुसायचा. आयटूसी १०० किलोहर्ट्झवर असेल तर एका रजिस्टरच्या देवाणघेवाणीला मिलिसेकंदाचा तिसरा-चौथा हिस्सा लागतो. वाचण्यापासून पुसण्यापर्यंत काही मिलिसेकंद जायचे. तेवढ्यात लाइननं डोळे मिचकावले की दुसरा बिट उभा राहायचा. हँडलर पहिला पुसून निघून जायचा, तार खालीच राहायची, आणि खालीच असलेल्या तारेला पुन्हा खाली पडता येत नाही. फॉलिंग एज आता कधीच येणार नाही. त्या क्षणापासून रीबूटपर्यंत ड्रायव्हर बहिरा.

दुरुस्ती सोपी वाटली. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडलंय हे कर्नलला सांगणाऱ्या फाइलमध्ये, इंटरप्टचा प्रकार २ होता, म्हणजे फॉलिंग एज. तो ८, म्हणजे लेव्हल लो, केला आणि चार बॉक्सांत टाकला. दोन आठवड्यांत त्यातले दोन तसेच बंद पडले.

इथे मी एक गोष्ट तपासायला विसरलो होतो, तुम्ही विसरू नका. प्रॉकच्या त्याच फाइलमध्ये इंटरप्टच्या ओळीत ‘एज’ की ‘लेव्हल’ हेही छापलेलं असतं. डिव्हाइस ट्री बदलल्यावरही तिथे एजच होतं. कारण ड्रायव्हरनं थ्रेडेड आयआरक्यू (वेगळ्या थ्रेडमध्ये हाताळला जाणारा इंटरप्ट) मागताना फ्लॅगमध्ये ‘आयआरक्यूएफ ट्रिगर फॉलिंग’ स्वतः भरलं होतं, आणि ड्रायव्हरनं प्रकार मागितला की डिव्हाइस ट्रीतला प्रकार मागे पडतो. तार कुठल्या बोर्डावर कशी जोडली आहे, मध्ये उलटवणारं सर्किट आहे का, हे ड्रायव्हरला ठाऊक नसतं, ते डिव्हाइस ट्रीला ठाऊक असतं. म्हणून कोडचा रिव्ह्यू करताना ड्रायव्हरमध्ये ट्रिगरचा फ्लॅग दिसला की तो काढायला लावायचा. फ्लॅगमध्ये फक्त ‘वनशॉट’ राहू द्या. तो मात्र लागतोच: आयटूसीचा व्यवहार झोपू शकतो (उत्तराची वाट बघत थांबू शकतो), म्हणून काम थ्रेडमध्ये करावं लागतं, आणि थ्रेडचं काम संपेपर्यंत तार झाकून ठेवण्याचं काम वनशॉट करतो. पहिला हँडलर न देता वनशॉटही दिला नाही, तर कर्नल सहसा मागणीच नाकारतो. थॉमस ग्लाइक्सनर यांचे थ्रेडेड इंटरप्ट २००९ मध्ये कर्नलमध्ये आले. तरीही या दोन फ्लॅगांची गल्लत मला जवळपास प्रत्येक नव्या पीएमआयसी ड्रायव्हरमध्ये दिसते.

फ्लॅग काढला, बोर्ड सुरू केला, आणि बोर्ड रांगायला लागला. टॉप या आज्ञेत पीएमआयसीचा इंटरप्ट थ्रेड सगळा प्रोसेसर खात होता, आकडा सेकंदागणिक हजारांनी वाढत होता. मूळ लेखकानं एज का निवडलं असेल याचा उलगडा मला इथे झाला. माझा अंदाज आहे की त्यानं आधी लेव्हलच लावलं असणार, हे वादळ पाहिलं असणार आणि एज करून ते झाकलं असणार. वादळ थांबलं, पण ज्या दोषामुळे ते उठत होतं तो तसाच राहिला.

तो दोष असा. चिपला स्टेटसची तीन रजिस्टरं आहेत. ड्रायव्हर फक्त पहिलं वाचायचा आणि पुसायचा. दुसऱ्यातल्या ‘चार्जिंग पूर्ण’ आणि ‘बॅटरीचं तापमान’ या घटना रीसेटनंतर आपोआप चालू असतात, त्या कुणी मास्क (बंद) केल्याच नव्हत्या. बॅटरी भरली की दुसऱ्या रजिस्टरमधला बिट उभा, तार खाली, आणि हँडलर पहिल्या रजिस्टरमध्ये काही नाही म्हणून परत. लेव्हलमध्ये याचं वादळ होतं. एजमध्ये याच घटनेनं तार कायमची अडकते, म्हणजे लाइननं डोळे मिचकावले नाहीत तरी. दोन आठवड्यांत बंद पडलेल्या दोन बॉक्सांपैकी एकात दुसऱ्या रजिस्टरचाच बिट उभा सापडला.

मी हँडलरमध्ये दुसरं आणि तिसरं रजिस्टर पुसायच्या ओळी घातल्या. वादळ थांबेना. एक अख्खी संध्याकाळ यात गेली. मी पुसायला रेगमॅपचं (रजिस्टरं वाचायच्या-लिहायच्या कर्नलमधल्या सोयीचं) ‘अपडेट बिट्स’ वापरलं होतं. ते आधी रजिस्टर वाचतं, हवे ते बिट बदलतं, आणि नवी किंमत जुन्यापेक्षा वेगळी असेल तरच लिहितं. १ लिहून पुसायच्या बिटात आधीच १ आहे, मला १ लिहायचाय, म्हणजे फरक शून्य. चिपपर्यंत काही पोचतच नाही! आणि फरक असला तरी धोका आहेच, कारण वाचलेले बाकीचे १ सुद्धा परत लिहिले जातात आणि ज्यांच्याकडे तुम्ही पाहिलंही नाही अशा घटना पुसल्या जातात. अशा रजिस्टरला साधं ‘रेगमॅप राइट’च वापरायचं आणि फक्त वाचलेले बिटच लिहायचे. सगळं एफएफ (सगळे बिट १) लिहून पुसणाराही ड्रायव्हर मी पाहिलाय. त्यात तार अडकत नाही, पण मधल्या वेळात आलेला निरोप आवाज न करता जातो. तो दोष शोधायला अडकलेल्या तारेपेक्षाही कठीण.

स्टेटस रजिस्टरं व्होलटाइल, म्हणजे चिप स्वतःहून बदलते अशी, म्हणून नोंदवली आहेत का तेही बघा. रेगमॅपला कॅश लावली असेल आणि ही नोंद नसेल, तर पहिल्या वाचनानंतर ड्रायव्हर चिपला विचारतच नाही, जुनीच किंमत पुन्हा पुन्हा घेतो. आमच्याकडे हे बरोबर होतं, पण याच कंपनीच्या दुसऱ्या चिपच्या ड्रायव्हरमध्ये नव्हतं.

एवढं झाल्यावर मी हँडलरला ठिगळं लावणं सोडलं आणि तो पूर्ण काढून टाकला. रेगमॅपमध्येच इंटरप्ट कंट्रोलरची तयार सोय आहे. स्टेटस कुठे, मास्क कुठे, पुसायचं कुठे, रजिस्टरं किती आणि कुठला बिट कुठल्या घटनेचा, एवढा तक्ता द्यायचा. वाचणं, पुसणं आणि ज्याचा त्याला निरोप देणं ते करतं. न लागणाऱ्या घटना सुरुवातीला मास्क होतात. ‘इनिट अ‍ॅक मास्क्ड’ हा पर्याय दिला की बूटलोडरनं (कर्नलच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रामनं) मागे ठेवलेले मास्क केलेले बिटही एकदा पुसले जातात. मार्क ब्राउन यांचं रेगमॅप २०११ पासून कर्नलमध्ये आहे. एक्स-पॉवर्स कंपनीच्या एएक्सपी मालिकेतल्या पीएमआयसींचा मुख्य ड्रायव्हर हीच सोय वापरतो, नमुना म्हणून तो वाचून घ्या. आमचे १८० ओळींचे हँडलर आणि मास्कचे फंक्शन जाऊन ६० ओळींचा तक्ता उरला. नवा पीएमआयसी ड्रायव्हर रिव्ह्यूला आला आणि त्यात हातानं लिहिलेला स्टेटस वाचणारा हँडलर असला, तर माझा पहिला प्रश्न आता हाच असतो: रेगमॅपचा का नाही?

एक बदल मात्र तक्त्यानं होत नाही, तो हातानं करावा लागतो. जुना ड्रायव्हर मर्यादा ठरवताना ‘लागला’चा बिट पाहून अडॅप्टर आहे असं धरायचा. लाइन मिचकावत असताना ‘लागला’ आणि ‘निघाला’ दोन्ही बिट एकदमच उभे असतात. शेवटी काय झालं हे बिटांवरून कळत नाही. घटनेचा बिट म्हणजे फक्त ‘बघून ये’ असा निरोप. आधी तो पुसायचा, मग अडॅप्टर आत्ता आहे का हे सांगणारं वेगळं रजिस्टर वाचायचं आणि मर्यादा त्यावरून ठरवायची. क्रम उलटा केलात, म्हणजे आधी स्थिती वाचून मग पुसलंत, तर तीच मधली फट पुन्हा उघडते.

तपासणीसाठी आम्ही अडॅप्टरच्या ५ व्होल्टच्या तारेत एक रिले घातला आणि लाइनची नक्कल केली: २० मिलिसेकंद ते २ सेकंद अशा आडव्यातिडव्या अंतरानं चालू-बंद. जुना ड्रायव्हर पाच खेपा तपासला, प्रत्येक खेपेला पन्नास चालू-बंदच्या आत तार अडकली. नवा रात्रभर चालू ठेवला, सकाळी इंटरप्टचा आकडा वाढतच होता आणि मर्यादा १५०० वर होती. तीन महिने जे शेतात शोधत होतो ते टेबलावर दोन मिनिटांत दिसायला लागलं. रिले आधी लावायला हवा होता.

याच रिव्ह्यूत आणखी एक दोष सापडला. तो बॅटरी उतरण्याशी संबंधित नाही, पण माझ्या मते त्याहून गंभीर आहे. कर्नलच्या पॉवर सप्लाय वर्गात व्होल्टेज मायक्रोव्होल्टमध्ये, करंट मायक्रोअँपिअरमध्ये आणि तापमान अंशाच्या दहाव्या भागात द्यायचं असतं. ४५ अंश असतील तर ४५०. ड्रायव्हर ४५ देत होता. वरचा आमचा प्रोग्राम नियमाप्रमाणे दहानं भागायचा, त्याला ते ४.५ अंश दिसायचे. लिथियम सेल साधारण ४५ अंशांच्या वर भरू नये, म्हणून आमच्या प्रोग्राममध्ये थांबा होता, पण तो कधी लागलाच नाही. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ होतात आणि मोटरघराला टिनाचं छप्पर. उन्हाळाभर त्या बॅटऱ्या तापलेल्या अवस्थेत भरल्या जात होत्या. दोन सेल फुगलेले मिळाले, ते आम्ही ‘खराब माल’ म्हणून परत केले होते. तुमच्या ड्रायव्हरमध्ये तापमान देणारी ओळ आजच उघडून बघा.

प्रोबमधला, म्हणजे ड्रायव्हर चिपला जोडला जाताना चालणाऱ्या फंक्शनमधला, क्रमही तपासा. आमच्यात इंटरप्ट आधी मागितला जायचा आणि पॉवर सप्लायची नोंदणी नंतर. एखादा बिट आधीच उभा असेल तर लेव्हल इंटरप्ट मागितल्याक्षणी धावतो आणि हँडलर अजून नसलेल्या पॉवर सप्लायला हात लावतो, की बोर्ड बूट होतानाच कोसळतो. नोंदणी आधी, इंटरप्ट शेवटी. डेव्हएमची (घेतलेलं सगळं आपोआप परत करणारी) फंक्शनं वापरली असतील तर काढतानाचा उलटा क्रमही त्यानं आपोआप बरोबर येतो.

हे सगळे बदल एकाच पॅचमध्ये पाठवू नका. ट्रिगरचा फ्लॅग एक, तापमान एक, प्रोबचा क्रम एक, आणि रेगमॅपवरचं स्थलांतर सगळ्यात शेवटी. तापमानाचा पॅच जुन्या कर्नलवरही लगेच लावता यायला हवा, त्यासाठी कुणाला अख्खा तक्ता ओढायला लागू नये. आम्ही बोर्ड बनवणाऱ्यांना तसेच चार पॅच पाठवले, पहिले तीन त्यांनी आठवड्यात घेतले.

काही प्रोसेसरांच्या जीपीआयओ कंट्रोलरला लेव्हल इंटरप्ट जमतच नाही, प्रकार बदलला की मागणीच एररनं परत येते. तसं असेल तर बोर्ड बदलेपर्यंत एजवरच राहावं लागेल. मग हँडलरमध्ये फेरा घाला: वाचा, पुसा, काम करा, पुन्हा वाचा, आणि सगळी स्टेटस रजिस्टरं शून्य दिसेपर्यंत बाहेर पडू नका. फेऱ्याला वरची मर्यादा ठेवा आणि ती ओलांडली तर लॉगमध्ये ओळ टाका. शिवाय दर मिनिटाला अडॅप्टरची खरी स्थिती वाचून मर्यादा जुळवणारं एक लहान काम मागे चालू ठेवा. आमच्या सहा जुन्या बोर्डांवर सध्या हीच सोय आहे. काकांच्या बागेतला बॉक्स त्यातलाच एक, आणि यंदाच्या ताणात त्याची एकही रात्र रिकामी गेली नाही.